गावच्या कारभाऱ्याचं चरित्र लिहिताना: वाचकांचे प्रश्न

जन्मभर एकाच गावात राहून सरपंच, नगराध्यक्ष किंवा पोलीस पाटील म्हणून काम केलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांवर पुस्तिका काढू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न जोडून एक केले आहेत.

प्रश्न : आजोबा परतूर तालुक्यातल्या आमच्या गावी आधी पंच होते, मग उपसरपंच आणि पुढे दोन वेळा सरपंच झाले. मधल्या काळात सोसायटीचे चेअरमनही होते. घरात पेटीभर कागद आहेत. ऐंशी पानांची पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?

इतक्यात लिहायला बसू नका. आधी एका मोठ्या कागदावर पदांचा तक्ता आखा. रकाने सहा : पद, संस्था, कधीपासून, कधीपर्यंत, पद कसं मिळालं (निवडून, बिनविरोध, नेमणुकीने, स्वीकृत म्हणून) आणि पुरावा. शेवटचा रकाना जिथे जिथे कोरा राहील तीच तुमची पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या कामाची यादी. पेटीतला एकेक कागद काढायचा, पेन्सिलीने मागे क्रमांक टाकायचा आणि तोच क्रमांक तक्त्यात भरायचा. सत्काराची मानपत्रं पुरावा म्हणून धरू नका. त्यात सगळेच "सलग पंचवीस वर्षे बिनविरोध" असतात.

तुमच्या पत्रातच दोन खाचखळगे आहेत. पहिला "पंच" हा शब्द. तो ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही लावत आणि न्यायपंचायतीच्या पंचालाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. ती संस्था वेगळी आणि तिचं दप्तरही वेगळं. दुसरा खड्डा सोसायटीचा. विविध कार्यकारी सोसायटी ही सहकारी संस्था असल्याने तिच्या निवडणुकीचे कागद पंचायत समितीत शोधून उपयोग नाही, ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

सरपंचपदाच्या तारखा लिहिताना मतदानाचा दिवस आणि सरपंच निवडीचा दिवस वेगळे ठेवा. जुन्या पद्धतीत लोक सदस्य निवडून देत आणि सदस्य पहिल्या सभेत सरपंच निवडत. थेट जनतेतून सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. त्यामुळे १९७० च्या काळातल्या सरपंचाबद्दल "गावाने प्रचंड मतांनी सरपंच केले" असं छापलं, तर जाणता वाचक पहिल्याच पानावर पुस्तिका मिटेल.

आता जिल्ह्याचं. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत परभणीत होता. म्हणजे त्याआधीचे जिल्हा परिषदेचे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे कागद परभणीला विचारायचे. ही गल्लत फार जणांची होते, म्हणून इतरांसाठीही सांगून ठेवतो : सिंधुदुर्गचं जुनं दप्तर रत्नागिरीत (१९८१ पूर्वीचं), लातूरचं उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, गडचिरोलीचं चंद्रपुरात (दोन्ही १९८२ पूर्वीचं), नंदुरबारचं धुळ्यात, वाशिमचं अकोल्यात (१९९८ पूर्वीचं), हिंगोलीचं परभणीत, गोंदियाचं भंडाऱ्यात (१९९९ पूर्वीचं) आणि पालघरचं ठाण्यात (२०१४ पूर्वीचं). काही दप्तर नंतर नव्या जिल्ह्याकडे वर्ग झालेलं असतं. त्यामुळे नव्या ठिकाणी "नाही" म्हणाले की जुन्या ठिकाणी विचारायचं.

शेवटी एक ढोबळ चाळणी. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून आल्या. त्याआधी जुन्या मुंबई राज्याच्या भागात जिल्हा लोकल बोर्ड होतं. "१९५८ साली जिल्हा परिषद सदस्य" असं कुणी सांगितलं, तर साल तरी चुकलंय किंवा संस्था तरी.

प्रश्न : वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३३ आहे. आत्या म्हणते जन्म चैत्रातला. एका जुन्या कागदावर "शके १८५५" आहे. काय छापावं?

१ जून ही बहुतेक वेळा गुरुजींची तारीख. शाळा जूनमध्ये सुरू होत. पोराचं वय बसवायचं म्हणून अंदाजे वर्ष धरून १ जून लिहून टाकत. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो यामुळे.

शक वर्ष पाडव्याला बदलतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तारखेसाठी ७९. शके १८५५ चा चैत्र म्हणजे १९३३ चा मार्च-एप्रिल. म्हणजे आत्याचं म्हणणं आणि दाखल्यावरचं साल जुळतंय, फरक महिन्याचा आहे. तिथी आणि वार दोन्ही सांगत असतील, तर त्या सालच्या पंचांगात ताडून पाहा. तिथी बरोबर आणि वार चुकीचा निघाला, तर बहुधा शेजारचं वर्ष असतं.

मराठवाड्यातल्या वाचकांना फसली साल भेटेल. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे आणि महिने आजूर, दै, बहमन असे चालत. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३५० म्हणजे १९४०-४१.

दाखल्यापेक्षा पक्का पुरावा हवा तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी गावनोंद. विदर्भात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. एक अडचण येते : जन्मनोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा", बापाचं नाव आणि तारीख. त्यामुळे भावंडांचा क्रम आधी माहीत करून घ्या, नाहीतर थोरल्या भावाची तारीख वडिलांना चिकटवाल. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात हीच दप्तरं स्कॅन झाली आणि काही जिल्ह्यांनी ती संकेतस्थळावर ठेवली. आधी तिथे पाहा, खेटा वाचेल.

मूळ नोंद सापडलीच नाही, तर "शाळेच्या दाखल्यानुसार १ जून १९३३, घरच्या आठवणीनुसार त्याच वर्षीचा चैत्र" असं सरळ छापा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीत जुनी प्रोसिडिंग बुकं मागितली तर "सापडत नाहीत" म्हणतात. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, "आजोबांच्या कार्याची संपूर्ण माहिती मिळावी" असा. उत्तर आलं की अशी माहिती संकलित नाही.

उत्तर कायद्याला धरून आहे, चूक अर्जाची आहे. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, कुणी तुमच्यासाठी माहिती गोळा करून देत नाही. कागदाचं नाव, साल आणि संस्था लिहून मागा. उदाहरणार्थ : "ग्रामपंचायत अमुक यांच्या १ जून १९६७ ते ३१ मे १९७२ या काळातील मासिक सभा व ग्रामसभा यांच्या इतिवृत्त नोंदवह्यांचे अवलोकन करू द्यावे व मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." आधी अवलोकन मागायचं हे महत्त्वाचं. सगळ्या पानांच्या प्रती मागितल्या की काम मोठं होतं, समोरचा माणूस कावतो आणि तुमच्या हाती पाचशे पानं पडतात, त्यातली चाळीस कामाची.

अर्ज नमुना "अ" मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून इतिवृत्ताचा अर्ज वेगळा आणि पाणीयोजनेचा वेगळा. प्रतींना पानामागे दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पासह पहिलं अपील. त्याचाही निकाल लागला नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

"सापडत नाहीत" हे तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. इतिवृत्त हा जपून ठेवायचा अभिलेख आहे आणि तो गहाळ असेल, तर शोध घेऊन तसं कळवण्याची जबाबदारी २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार कार्यालयाची आहे. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा वही सापडते. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेलेल्या ग्रामपंचायतींची दप्तरं जुन्या समाजमंदिराच्या माळ्यावर किंवा शाळेच्या एखाद्या बंद खोलीत असतात. तिथली चौकशी शिपायाकडे करा, ग्रामसेवक बदलून आलेला असतो. (ग्रामसेवकाला आता "ग्रामपंचायत अधिकारी" म्हणतात आणि तलाठ्याला "ग्राम महसूल अधिकारी". अर्जावर नवं पदनाम घाला.)

वही खरोखरच गेली असेल, तर तिची सावली दुसरीकडे सापडते : पंचायत समितीचा पत्रव्यवहार, स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (कर आकारणी) आणि नमुना ५ (रोकड वही). रोकड वही रूक्ष दिसते, पण रस्त्याला मुरूम किती ब्रास पडला आणि दिव्याचं रॉकेल कितीचं आलं हे तिच्यातच असतं.

प्रश्न : आमचे काका नगरपालिकेत चार वेळा निवडून आले, एकदा नगराध्यक्ष होते. "गावात नळाचं पाणी त्यांनी आणलं" असं सगळे म्हणतात. विरोधी गटातली माणसं म्हणतात ते आधीच्या अध्यक्षाचं काम. खरं कसं काढायचं?

या प्रश्नासाठी जास्त जागा देतो, कारण गावच्या कारभाऱ्याच्या चरित्रात निम्मे वाद इथेच असतात.

पाणीयोजना एका सहीने होत नाही. कागद असे चालतात : नगरपालिकेचा ठराव, सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निधी किंवा कर्जाची सोय, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, देयकं, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी नळजोड. यात सात-आठ वर्षं सहज जातात. पालिकेची मुदत त्याहून कमी, त्यामुळे एक जण ठराव करतो, दुसरा मान्यता आणतो आणि तिसरा नारळ फोडतो. कोनशिला तिसऱ्याची असते.

या प्रत्येक टप्प्याची तारीख काढून काकांच्या मुदतीशेजारी ठेवा. ठराव पालिकेच्या सभा विभागात मिळतील, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. अंदाजपत्रक, नकाशे आणि मान्यतेचे कागद बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयात असतात. १९७६ च्या कायद्याने आलेलं पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ ते हेच, नाव १९९७ मध्ये बदललं. काही योजनांना आयुर्विमा महामंडळाचं कर्ज होतं. तसं असेल तर कर्ज घेण्याचा वेगळा ठराव आणि पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव दोन्ही सापडतील.

आता इतिवृत्ताचं एक पान कसं वाचायचं ते पाहू. साधारण असं असतं : वर सभेचा प्रकार आणि तारीख, मग हजर सदस्यांची नावं, मग "विषय क्र. ४ : नळपाणीपुरवठा योजनेच्या वाढीव अंदाजपत्रकास मंजुरी देणेबाबत", खाली "ठराव क्र." आणि दोन-तीन ओळींचा मजकूर, "सूचक – श्री. अमुक, अनुमोदक – श्री. तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर", आणि तळाशी अध्यक्षांची सही.

नवखा माणूस सूचकाचं नाव पाहून "यांनी मांडला" असं लिहून मोकळा होतो. सूचक-अनुमोदक पुष्कळदा रिवाजाने असतात. लिपिक आधीच मजकूर तयार ठेवतो आणि सभेत जो पुढच्या खुर्चीवर बसलेला त्याचं नाव घालतो. एकाच सभेतल्या दहा विषयांना तीच दोन नावं असतील, तर त्यांना वजन देऊ नका. पाहायचं ते दुसरंच. हजेरीत काका होते का? विषय आधी कितीदा येऊन "पुढील सभेत ठेवावा" म्हणून ढकलला गेला आणि त्या प्रत्येक वेळी अध्यक्ष कोण? विरोध नोंदवला गेला का, कुणाचा आणि कारण काय दिलं? मजकुरात खाडाखोड असेल तर तिथे सही आहे का? सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली असेल, तर गैरहजरांची यादी करा. एखादी योजना दोन वर्षं कुणी अडवली हे बहुतेकदा गैरहजेरीतच सापडतं.

"सर्वानुमते" लिहिलं म्हणजे वाद झाला नाही असंही समजू नका. वाद सभेआधी दुसरीकडे मिटवून येत. तो वाद ऐकायचा तर त्या काळचं स्थानिक साप्ताहिक पाहा. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात त्याचे बांधलेले अंक असू शकतात.

एवढं केल्यावर वाक्य असं लिहिता येतं : "योजनेचा पहिला ठराव आधीच्या अध्यक्षांच्या काळात झाला. काकांच्या मुदतीत प्रशासकीय मान्यता आणि कर्ज मंजूर झालं, मुख्य जलवाहिनीचं काम सुरू झालं. पाणी प्रत्यक्ष सुटलं तेव्हा ते अध्यक्ष नव्हते." असं वाक्य विरोधी गटालाही खोडता येत नाही.

काका नगराध्यक्ष कसे झाले तेही तपासा. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले होते, पुन्हा २००१ मध्ये, मग २०१६ मध्ये. अधल्यामधल्या बहुतेक अध्यक्षांची निवड नगरसेवकांनी केलेली. पालिका कुठल्या कायद्याखाली चालत होती हे पाहिलं की दप्तर शोधणं सोपं जातं : आताचा कायदा १९६५ चा, तो १९६७ पासून लागू. त्याआधी मुंबई इलाख्यात १९०१ चा आणि १९२५ चा असे दोन, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा.

प्रश्न : पणजोबा गावचे वतनदार पाटील, आजोबा पोलीस पाटील. दोघांना "पाटील" म्हणून एकाच प्रकरणात घेतलं तर चालेल ना? (सातारा जिल्हा)

नाही चालणार. पणजोबांचं पद वंशपरंपरेचं, त्याला वतनाची जमीन. मुलकी पाटील वसुली पाही, पोलीस पाटील बंदोबस्त. कधी दोन्ही कामं एकाच घरात, कधी दोन तक्षिमांत, म्हणजे घराण्याच्या वाटेकरी शाखांत, वाटलेली. १९६२ च्या कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलांचं पद संपलं. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यातला. त्याची नेमणूक प्रांताधिकारी ठराविक मुदतीसाठी करतात, मुदत वाढवून मिळते, वयाची अट साठची, आणि बापाच्या मागे मुलाचा हक्क नाही. आजोबांची नेमणूक कायद्याच्या आधीची की नंतरची, यावर प्रकरण कुठे तोडायचं ते ठरेल.

पणजोबांसाठी फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागेपर्यंत काढा. वतन खालसा, म्हणजे सरकारजमा, झाल्याची, शासनाकडे रक्कम भरून जमीन परत मिळाल्याची नोंद तिथे असते. सातबाऱ्यावर "नवीन अविभाज्य शर्त" (परवानगीशिवाय जमीन विकता किंवा वाटता येत नाही) असा शेरा असेल, तर धागा तोच. घराण्यातल्या तक्षिमांचे वाद त्या फेरफारांतच असतात. पुस्तिकेत ते किती घ्यायचे याचा विचार मात्र भाऊबंदांशी बोलून करा. जुना कागद मोडीत असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे भेटतात. लिप्यंतर करून घेताना मूळ कागदाच्या ओळीला ओळ ठेवायला सांगा, म्हणजे शंका आली की परत पाहता येतं.

आजोबांची नेमणूक, मुदतवाढ आणि शेरे प्रांत कार्यालयातल्या त्यांच्या फाइलीत. पोलीस ठाण्यातल्या नोंदींना गुप्ततेचं कारण देतील. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती काही अपवाद सोडून नाकारता येत नाही, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (३) मध्ये आहे. अर्जात ते कलम लिहा.

प्रश्न : म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही. "लई वर्षं झाली" एवढंच म्हणतात.

साल विचारूच नका. खुणा विचारा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा सरपंच कोण होतं? आणीबाणी उठली होती का? इंदिरा गांधी गेल्या (३१ ऑक्टोबर १९८४) तेव्हा रस्ता झाला होता का? लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) ही सगळ्यात पक्की खूण. मराठवाड्यात सत्तरी-ऐंशीच्या पुढच्यांना "पोलीस ॲक्शन", म्हणजे सप्टेंबर १९४८, वडिलधाऱ्यांकडून ऐकून तरी ठाऊक असते. घरगुती खुणा याहून चांगल्या : "थोरलीचं लग्न झालं होतं का?" लग्नपत्रिका सापडते आणि तारीख मिळते.

"तात्या माणूस कसा होता?" या प्रश्नाला "देवमाणूस" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : दाखल्यावर सही हवी असली तर कुठे गाठायचं, घरी, शेतात की चावडीत? बांधाचा तंटा गेला तर आधी कुणाला बोलवत? निवडणुकीत तुमच्या आळीतनं मतं मिळाली का, नसतील तर का? विरोधात लढलेल्या माणसाला किंवा त्याच्या मुलाला भेटल्याशिवाय पुस्तिका छापू नका. तोच सांगेल की तात्यांनी कुठलं काम मुद्दाम अडवलं आणि कुठलं, विरोधात असूनही, होऊ दिलं.

तासाभराच्या आत बैठक संपवा. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून पहिल्याच वाक्यात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या, आणि "हे छापलं तर चालेल ना?" हेही. फोन पंख्याखाली ठेवू नका. घरातला कर्ता मुलगा शेजारी बसून "तसं नाही बाबा" करत असेल, तर दुसऱ्या दिवशी एकट्यांना भेटा.

प्रश्न : वडिलांवर एकदा अविश्वास ठराव आला होता, एका बांधकामाची चौकशीही झाली होती. घरचे म्हणतात गाळून टाका.

गाळू नका. गावाला ते ठाऊक आहे, आणि नेमकं तेवढंच गाळलेलं पाहून बाकीच्या पानांवरचा विश्वासही जाईल. मात्र शब्द मोजून वापरा. अविश्वासाची नोटीस दिली जाणं, ठराव सभेत मांडला जाणं, तो मंजूर होणं आणि त्यावरच्या अपिलाचा निकाल या चार वेगळ्या गोष्टी. ग्रामपंचायतीत हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ खाली चालतं आणि सभेचे अध्यक्ष तहसीलदार असतात. त्यामुळे तहसील कार्यालयात कागद असतो, गावच्या वहीवर विसंबायला नको. गैरवर्तनाबद्दल पदावरून काढणं कलम ३९ खालचं, ते पूर्ण निराळं. दोन्ही सरसकट "काढून टाकलं" म्हणून लिहिली की अन्याय होतो, कधी वडिलांवर, कधी गावावर.

चौकशीचं तसंच. तक्रार कशाची, चौकशी कुणी केली, निष्कर्ष काय, रक्कम वसूल झाली का. निष्कर्षाचा कागद नसेल तर "चौकशी झाली" एवढ्यावर थांबा. "निर्दोष सुटले" हे आपल्या मनाने लिहू नका. दुसऱ्यांवर, म्हणजे त्या वेळच्या विरोधकांवर, आरोप करणारी वाक्यं तर अजिबात नकोत. मयत माणसाची बदनामीही, घरच्यांची भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली असेल, तर गुन्हा ठरू शकते. हे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे.

प्रश्न : आई १९९० च्या दशकात राखीव जागेवर सरपंच झाली. गाव म्हणतं, कारभार वडीलच बघत. पुस्तिकेत काय लिहावं?

कागद पाहून ठरवा. ग्रामनिधीतून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागतात. पहिल्या वर्षीच्या सह्या आणि शेवटच्या वर्षीच्या सह्या शेजारी ठेवून पाहा. अंगठा किंवा थरथरती अक्षरं जाऊन सराईत सही आली असेल, तर ती छापा. मासिक सभांची हजेरी मोजा. ग्रामसभेत आईच्या नावाने नोंदलेले मुद्दे वेगळे काढा : पाणवठा, संडास, अंगणवाडीची खोली, दारूचं दुकान. वडिलांच्या काळात हे विषय वहीत येत होते का ते पाहिलं की फरक दिसेल किंवा दिसणार नाही. जे दिसेल ते लिहा. त्या काळच्या महिला सदस्यांना मात्र बाईनेच जाऊन भेटावं, स्वयंपाकघरात बसून.

प्रश्न : जुने फोटो आणि छपाई याबद्दल थोडं सांगा.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला, त्याहून लहान १२०० ला. मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथे असते. समूह फोटोतली नावं ओळखायला मोठी प्रत काढून त्यावर आकडे टाका आणि तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचा माणूस सगळी नावं ठरवतो. गांधी टोपीतली माणसं हमखास चुकतात. मंत्र्यासोबतचा फोटो असेल तर मंत्री त्या वेळी कुठल्या खात्याचे होते ते तपासा, त्यावरून तारखेचा अंदाज येतो.

पुस्तिका डेमी आकारात काढा. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, सोळा पानांचा, त्यामुळे ऐंशी पानं पाच फर्म्यांत बसतात. त्र्याऐंशी पानं झाली तर तीन पानांसाठी आणखी अर्धा-एक फर्मा चढतो, म्हणून मजकूर आधीच छाटा. छाटायचं झालं तर शुभेच्छा संदेश छाटा, पदांचा तक्ता आणि तारीखवार घटनापट छाटू नका.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल आणि छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार असतील, तर रफार, "ऱ्य" आणि जोडाक्षरं फुटतात. बदलल्यानंतरचं मुद्रित पूर्ण वाचा, बदलण्याआधीचं वाचून काही साधत नाही. नावांची यादी वेगळी काढून ज्याच्या त्याच्या घरच्यांकडून तपासून घ्या. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की माणूस पुस्तिका घरात ठेवत नाही. आणि पाच प्रती बाजूला काढून तालुक्याच्या वाचनालयात, जिल्हा ग्रंथालयात, गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत, आणि विरोधात लढलेल्या त्या घरी द्या.